दहा ब्रास, सहा ब्रास की पंचवीस टन?

नमस्कार. आम्ही नाशिक रोडला राहतो. यजमान दोन वर्षांपूर्वी प्रेसमधून निवृत्त झाले. आडगाव शिवारातल्या आमच्या प्लॉटवर लहानसं घर बांधून झालंय, आता बाहेरचं काम काढायचंय. तीन बाजूंनी मिळून ११० फूट कंपाउंड, २० बाय १८ फुटांचं पार्किंग, फाटकापासून पार्किंगपर्यंत ४० फूट लांब आणि १० फूट रुंद खडीचा रस्ता, आणि मागच्या बागेत ७० फूट लांब, ३ फूट रुंद पायवाट. ठेकेदाराने कागदावर एवढंच लिहून दिलं, "खडी १० ब्रास." खडीवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, "सहात भागेल." पुण्याच्या भाच्याने मोबाइलवर हिशेब करून २५ टन सांगितलं. यजमान म्हणतात ठेकेदार फसवतोय. मला वाटतं, खडीवाला आधी कमी सांगून मागून वाढवेल. कुणाचं ऐकावं? आणि गाडी खरंच तेवढी भरून आली आहे, हे माझ्यासारखीला कसं कळणार? दिवसा साइटवर मीच असते.

– एक वाचक, नाशिक रोड

ताई, नमस्कार.

तिघांपैकी कुणी तुम्हाला फसवतंय असं मला दिसत नाही, निदान या आकड्यांवरून तरी. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्यात. शिवाय तुमच्या पत्रात एक माप राहून गेलंय. ते कळेपर्यंत चौथ्या माणसाला विचाराल तर तो चौथाच आकडा सांगेल. लांबी आहे, रुंदी आहे, जाडी कुठेच नाही. पार्किंगचं काँक्रीट चार इंची की पाच इंची? रस्त्यावर खडीचा थर किती, आणि ती नुसती पसरायची की रोलर फिरवून दाबायची? उद्या ठेकेदाराला एवढंच विचारा. "किती ब्रास लागेल?" म्हटलं की माणूस अंदाज ठोकतो. "कुठे किती इंच टाकणार?" म्हटलं की त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं.

तोवर मी अशा कामाला नेहमी धरतात त्या जाड्या धरून हिशेब मांडतो. ठेकेदाराच्या जाड्या वेगळ्या निघाल्या तर आकडे बदला, रीत हीच.

ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. हे आकारमान आहे, वजन नव्हे. फूट गुणिले फूट गुणिले फूट, भागिले शंभर, झाले ब्रास. जाडी इंचात असेल तर आणखी सोपं: १२०० ला जाडीच्या इंचांनी भागा, एक ब्रास किती चौरस फूट झाकेल ते निघतं. दोन इंचांचा थर असेल तर ६०० चौरस फूट, चार इंचांचा असेल तर ३०० चौरस फूट. साइटवर उभ्या उभ्या हिशेब करायला मी हेच वापरतो.

सगळ्यात सोपी तुमची पायवाट. ३ फूट गुणिले ७० म्हणजे २१० चौरस फूट. दोन इंच खडी पसरायची तर ३५ घनफूट. काठाला सांडते, मातीत रुतते, म्हणून दहा टक्के वाढवा, ३८ घनफूट झाले. अर्धा ब्राससुद्धा नाही. इथे अर्धा इंची, म्हणजे १२ एमएमची खडी घ्या. पाऊण इंचीवर, म्हणजे २० एमएमवर, चपला घालून चालताना पाय वाकडा पडतो. थर दोन इंचांहून जाड करू नका, चालताना पाय आत जातो आणि खडी बाजूला सरकत राहते. दोन्ही काठांना विटा उभ्या लावून घ्या, नाहीतर वर्षभरात निम्मी खडी झाडांच्या आळ्यात गेलेली दिसेल.

आता काँक्रीट. इथेच तुमच्या भाच्याचा पहिला घोळ झालाय. त्याने काँक्रीटचं आकारमान काढलं आणि तेवढीच खडी धरली. पण काँक्रीटमध्ये वाळू आणि सिमेंटही असतं. ते कुठे जातात? बरेचसे खडीच्या सांध्यांमध्ये. कांद्याने शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीत वरून बाजरी ओतली तर ट्रॉली सांडायच्या आधी किती बाजरी आत मुरेल, तसंच हे. सुट्ट्या खडीत साधारण ४० ते ४५ टक्के जागा मोकळी असते. म्हणून एक ब्रास ओलं काँक्रीट करायला कोरडा माल सगळा मिळून १.५४ ब्रास लागतो, असं बांधकामवाले धरतात. त्याची वाटणी मिश्रणाच्या प्रमाणात करायची.

प्रमाण सिमेंट, वाळू, खडी या क्रमाने वाचायचं. १:१.५:३ म्हणजे आरसीसीचा, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचा, एम-२० माल. त्याच्या एकूण साडेपाच भागांपैकी तीन भाग खडी, म्हणून १०० घनफूट काँक्रीटला ८४ घनफूट खडी. १:२:४ ला ८८. पायाखालच्या १:३:६ ला ९२. चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव. हे तीन आकडे एवढे जवळजवळ आहेत की घाईत असाल तर सरसकट नव्वद धरलं तरी तुमच्या कामात पाव ब्रासहून जास्त फरक पडणार नाही. सिमेंटचं तसं नाही. एक ब्रास एम-२० ला जवळपास २३ गोण्या लागतात, १:२:४ ला १८ आणि १:३:६ ला साडेबारा. ठेकेदाराने माल पातळ केला तर खडीच्या हिशेबात ते कधीच दिसत नाही, गोण्यांच्या हिशेबात दिसतं. रिकाम्या गोण्या मोजत चला, त्या भंगारवाल्याला देऊ नका.

पार्किंग: २० गुणिले १८ म्हणजे ३६० चौरस फूट. चार इंच जाडीचं १:२:४ काँक्रीट धरलं तर १२० घनफूट काँक्रीट, त्याला खडी १०६ घनफूट. ठेकेदार पाच इंच म्हणाला तर काँक्रीट ३० घनफूट वाढेल, म्हणजे खडी २६ घनफूट आणि सिमेंटच्या पाचेक गोण्या जास्त. लहान कारला चार इंच पुरतं, खालचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा रचलेला थर, नीट बसलेलं असलं तर. पुढेमागे पाण्याचा टँकर आत यायचा असेल तर आत्ताच सांगा, मग चार इंचांवर भागवू नका आणि मालही एम-२० घ्या.

कंपाउंड: ११० फुटांत दर दहा फुटांवर एक कॉलम, म्हणजे बारा कॉलम. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा काँक्रीटचा चौकोनी पाया, ३ बाय ३ फूट आणि ९ इंच जाड, एकाचे पावणेसात घनफूट, बारांचे ८१. कॉलम ९ बाय ९ इंच आणि फुटिंगपासून ८ फूट उंच, बारांचे ५४. जमिनीलगतचा बीम ९ बाय ९ इंच, कॉलमची रुंदी वजा करून १०१ फूट, त्याचे ५७. एकूण १९२ घनफूट एम-२०, खडी १६१ घनफूट. फुटिंगखाली साडेतीन बाय साडेतीन फुटांचा चार इंची १:३:६ चा थर, बारांचे ४९ घनफूट, खडी ४५.

तिन्ही मिळून काँक्रीटची खडी ३१२ घनफूट. पाच टक्के सांड-लवंड धरा, ३२८ झाले. सव्वातीन ब्रासच्या जवळपास.

राहिला फाटकापासूनचा रस्ता, आणि इथे भाच्याचा दुसरा घोळ आहे, उलट्या बाजूचा. ४०० चौरस फुटांवर सहा इंचांचा थर म्हणजे २०० घनफूट. पण हे दाबून तयार झालेलं माप आहे. सुटी आलेली खडी रोलरखाली बसते. चाळीस एमएमपासून खाली कचीपर्यंत, म्हणजे दगडाच्या चुऱ्यापर्यंत, सगळं मिसळलेला माल, ज्याला आता सगळे जीएसबी म्हणतात, तो पाणी मारून दाबला की पाव हिश्शाने वगैरे खाली जातो. म्हणून २०० चे २६० घनफूट मागवायचे. हे न कळलेले लोक सहा इंच खडी टाकतात, रोलर फिरतो, साडेचार उरतात, आणि मग "माल कमी आला" म्हणून खडीवाल्याशी भांडण.

आता गंमत बघा. काँक्रीटमध्ये भाच्याने ४९ घनफूट जास्त धरले, रस्त्यात ६० कमी धरले. दोन चुका एकमेकींत जिरल्या. त्याचं एकूण आकारमान ५९६ घनफूट, म्हणजे १६.९ घनमीटर. खडी घनमीटरला दीड टन धरून २५ टन. आपल्या काळ्या पाषाणाच्या सुट्ट्या खडीचं एक ब्रास सव्वाचार टनांच्या आसपास भरतं. २५ ला सव्वाचारने भागा. सहा. भाचा आणि खडीवाला एकच आकडा सांगतायत, एक टनात आणि एक ब्रासमध्ये. आपला आकडा ३२८ अधिक २६० अधिक ३८, म्हणजे ६२६ घनफूट, सव्वासहा ब्रास.

मग ठेकेदाराचे दहा? त्याने पार्किंगखालचं सोलिंगही "खडी" या एका शब्दात घातलंय. नऊ इंचांचं सोलिंग ३६० चौरस फुटांवर म्हणजे २७० घनफूट दबर, म्हणजे मोठे ओबडधोबड दगड, २.७ ब्रास. सव्वासहा आणि पावणेतीन मिळून नऊ. गाड्या दोन-दोन ब्रासच्या येतात, म्हणून त्याने पाच गाड्या धरून दहा लिहिलं असणार. अशा कामाला नवाचे दहा लिहिणं मला तरी गैर वाटत नाही. यजमानांना सांगा, या एका बाबतीत ठेकेदाराला सोडून द्या. मात्र खडी आणि दबर एका ओळीत लिहिणं गैर आहे. दोन्हींचे भाव वेगळे, कामं वेगळी. त्याच्याकडून चार ओळी वेगळ्या लिहून घ्या: पाऊण इंची, अर्धा इंची, जीएसबी आणि दबर. नंबरात लिहू देऊ नका. एक नंबर खडी म्हणजे कुणाच्या लेखी बारीक, कुणाच्या लेखी मोठी. एमएममध्ये लिहिलं की वाद मिटतो.

आकाराचं थोडं सांगतो, कारण बेरीज बरोबर येऊन आकार चुकला तर ब्रास असून नसल्यासारखी. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मानकात नियम आहे की खडीचा मोठ्यात मोठा दाणा त्या भागाच्या सगळ्यात कमी जाडीच्या एक चतुर्थांशाहून मोठा नको. चार इंच म्हणजे १०० एमएम, त्याचा चौथा भाग २५. तेव्हा पार्किंगला २० एमएम चालेल, ४० एमएम चालणार नाही, कितीही स्वस्त मिळाली तरी. कंपाउंडच्या वरचं कोपिंग, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची काँक्रीटची पट्टी, तीन इंची असतं, म्हणजे ७५ एमएम, त्याचा चौथा भाग १९ सुद्धा भरत नाही, तिथे २० एमएम नियमाबाहेर जाते. कोपिंगला अर्धा इंचीच वापरा. हे कोपिंग मी वरच्या बेरजेत धरलेलं नाही. ११० फूट लांब, ९ इंच रुंद, ३ इंच जाड म्हणजे २१ घनफूट काँक्रीट, त्याला १७ घनफूट बारीक खडी लागेल.

बाकीच्या काँक्रीटला नुसती पाऊण इंची न वापरता साठ टक्के पाऊण इंची आणि चाळीस टक्के अर्धा इंची मिसळून घ्या. मोठ्या दाण्यांमधल्या फटी लहान दाणे भरतात, सिमेंट-वाळूचा माल नुसत्या फटी भरण्यात खर्ची पडत नाही, आणि कॉलममध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखी भोकं कमी पडतात. ३२८ घनफुटांचे मग १९७ पाऊण इंचीचे आणि १३१ अर्धा इंचीचे होतात. अर्धा इंचीत पायवाटेचे ३८ आणि कोपिंगचे १७ मिळवा, १८६. म्हणजे काय, तर पाऊण इंचीची दोन ब्रासची एक गाडी आणि अर्धा इंचीची दोन ब्रासची एक गाडी, दोन्ही जवळजवळ पूर्ण वापरल्या जातात. जीएसबी २.६ ब्रास आणि दबर २.७ ब्रास, या दोन्ही तीन ब्रासच्या गाडीत सांगा किंवा दोनची गाडी आणि वर ट्रॅक्टरची एक ट्रॉली. सोलिंगच्या सांध्यांत भरायला मुरूम किंवा कच लागेल, ती दबराच्या पाव हिश्शाच्या आसपास धरा.

रस्त्याखाली काय आहे, ते मात्र मला इथून दिसत नाही. आडगाव-ओझरच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. तुमच्या रस्त्याच्या जागी काळी माती असली तर सहा इंच खडी पहिल्या पावसाळ्यात तिच्यात उतरेल, गाडीच्या चाकांच्या दोन चाऱ्या पडतील, आणि पुढच्या वर्षी पुन्हा दोन ब्रास. पहारीने दोन ठिकाणी खणून बघा. काळी निघाली तर फूटभर काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून दाबा, मग त्यावर खडी. नऊ इंच दाबलेल्या मुरमाला ४०० चौरस फुटांवर ३०० घनफूट लागतात, सुटा पावणेचार ब्रास. ठेकेदाराच्या दहात हा मुरूम नाही हे नक्की, त्याला आत्ताच विचारलेलं बरं. विटकरी मुरूम आणि खडी दोन्ही एकाच दिवशी टाकून एकदम रोलर फिरवू देऊ नका. थर वेगळे, दाबणं वेगळं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो माझ्या मते पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. अंदाजात फार तर अर्ध्या ब्रासचा फरक पडेल. गाडी मोजून घेतली नाही तर दर गाडीमागे तेवढा पडू शकतो.

गाडी आली की आधी फाळका उघडू देऊ नका. ड्रायव्हर म्हणेल, "बाई, शीग लावून आणलीय." मधोमध शीग असते हे खरं, पण कोपरे बघा, तिथे खडी काठापासून वीतभर खाली असते. हमालाला वर चढवून खडी सारखी करायला सांगा. मग काठापासून खडीपर्यंतची खोली पाच जागी टेपने मोजा, चार कोपरे आणि मध्य, आणि सरासरी काढा. गाडी रिकामी झाली की हौद्याची आतली लांबी, आतली रुंदी आणि तळापर्यंतची खोली मोजा. समजा आतून लांबी ११ फूट, रुंदी साडेसहा, खोली ३ फूट आणि खडी सरासरी सहा इंच खाली होती. ११ गुणिले साडेसहा गुणिले अडीच, १७९ घनफूट. दोन ब्रासची म्हणून आलेली गाडी पावणेदोनची निघाली. टेप बाहेरून लावू देऊ नका, पत्र्याची आणि पट्ट्यांची जाडी मापात येते. काही गाड्यांत हौद्याच्या पुढच्या बाजूला जॅकसाठी पेटीसारखा उंचवटा असतो, तो लांबी-रुंदी-उंचीने मोजून वजा करायचा. तीच गाडी पुन्हा आली तर नंबर लिहून ठेवलेला असल्यामुळे फक्त वरची खोली मोजली की काम झालं.

खडीवाला इथे एक रास्त मुद्दा काढेल. क्रशरवर भरलेली खडी वाटेत हादरे खाऊन बसते, विल्होळी-सारूळकडून आडगावपर्यंत येताना तर बसतेच. क्रशरवर दोन ब्रास होती ती तुमच्या दारात थोडी कमी भरणार. तो खोटं बोलत नाहीये. म्हणून भाव ठरवतानाच विचारा, माप क्रशरवरचं की जागेवरचं? मी नेहमी जागेवरचं ठरवून घ्या म्हणतो, भले भाव थोडा जास्त लागो. भावात रॉयल्टी, वाहतूक, उतरवणं आणि जीएसटी सगळं धरलंय ना, हेही त्याच वेळी. गाडीसोबत गौण खनिजाचा वाहतूक पास असायलाच हवा, त्यावर ब्रासचा आकडा छापलेला असतो. पासावर एक, बिलावर दोन असं निघालं तर ती गाडी तुमच्या दारात नकोच. विनापरवाना खनिजाबद्दल महसूल खात्याचा दंड मोठा असतो आणि माल तुमच्या आवारात पडलेला असतो.

वजनाने घ्यायची असेल तर ते आणखी चांगलं, काट्याची पावती बोलते. फक्त टनांचे ब्रास करताना कुणाचाही आकडा डोळे झाकून घेऊ नका, माझासुद्धा. घरच्या घरी काढता येतो. रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या. एक लिटरच्या बाटलीने वीस वेळा पाणी ओतून वीस लिटरची रेघ आतून आखा, कारण बादली काठोकाठ भरली तर वीसहून जास्त मावतं. पाणी ओतून टाका, बादली पुसा, रेघेपर्यंत खडी भरा. हलवायची नाही, ठोकायची नाही. बादलीसकट वजन करा, रिकाम्या बादलीचं वजा करा. जे किलो आले त्याला १४२ ने गुणा, एका ब्रासचे किलो मिळतात. खडी ३० किलो भरली तर ब्रास ४,२६० किलोची. पाऊण इंची, अर्धा इंची आणि जीएसबी तिन्ही वेगळी भरतील, जीएसबी सगळ्यात जड, कारण तिच्यात फटीच कमी. ओल्या खडीने वजन थोडंसंच वाढतं, आपला दगड पाणी फारसं पीत नाही. वाळूचं आणि कचीचं वजन मात्र पावसाने बरंच वाढतं. त्यातही वाळूची गोम अशी की ती किंचित ओली असताना फुगते, आकारमान पाव हिश्शाने वाढू शकतं, म्हणजे ब्रासने घेतलेली दमट वाळू मुळात कमी असते. खडीला हा त्रास नाही.

गाडी तुम्ही पोहोचायच्या आधीच रिकामी करून गेली तर? ढीग साधारण गोल असेल तर बुडाशी दोरी फिरवून घेर मोजा. घेर गुणिले घेर गुणिले उंची, भागिले ३८. घेर ३८ फूट आणि उंची ४ फूट भरली तर १५२ घनफूट. डंपरचा ढीग लांबट पडतो, त्यामुळे हे माप संशय घेण्यापुरतं धरा, भांडायला पुरणार नाही.

माल बघताना मूठभर खडी उचलून तळहातावर चोळा. हात पिठासारखा पांढुरका झाला तर कच जास्त आहे, धुऊन घ्यावी लागेल. चपट्या, चिप्ससारख्या कपच्या किती आहेत ते बघा. आयएस ३८३ मध्ये चपट्या आणि लांबुळक्या दाण्यांची मर्यादा दोन्ही मिळून ४० टक्के दिली आहे, तेवढं डोळ्यांनी मोजता येत नाही, पण मुठीत निम्म्या कपच्याच दिसल्या तर गाडी परत पाठवा. तांबूस, कुजकट, नखाने ओरखडा निघणारे दाणे नकोत, तो दोन लाव्हा थरांमधला मऊ भाग असतो. काही खडीत पांढरे चमकदार डाग दिसतात. ते झिओलाइटचे खडे, सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेमागे ठेवतात त्याच जातीचे. कपाटात सुंदर दिसतात. दगडात त्यांचे डाग दाट असले तर तो दगड पोकळ्यांचा आहे, कॉलमला नको, पायवाटेला खुशाल वापरा. दिंडोरी रोडच्या मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत खडीची तपासणी होते, पण तुमच्या एवढ्याशा कामाला मी ती करायला सांगणार नाही.

सगळ्या गाड्या एकाच दिवशी बोलावू नका. पाऊण इंची आणि अर्धा इंची आधी, कारण कंपाउंड आधी होणार. दोन्ही ढीग वेगळे, मध्ये तीन फूट जागा, खाली जुने पत्रे किंवा कोबा असलेली जागा. नुसत्या मातीवर टाकलेल्या ढिगाचा तळाचा चार-सहा इंच माल मातीत मिसळून वाया जातो. रस्त्यावर ढीग टाकला तर शेजारी आणि महापालिका दोघांचाही ओरडा. दबर आणि जीएसबी कंपाउंडच्या भिंती उभ्या राहिल्यावर मागवा, पण फाटकाचे कॉलम भरायच्या आधी डंपर आत वळतो का ते बघून ठेवा. दहा फुटांच्या फाटकातून ट्रॅक्टर सहज जातो, मोठा डंपर तासभर मागे-पुढे करत बसतो.

फुटिंगच्या दिवशी साइट सोडू नका. फुटिंग तीन फुटांचं असलं तरी खालच्या थरासाठी खड्डा साडेतीन फुटांचा असतो. फळ्या न लावता खड्ड्यातच माल ओतला तर एका फुटिंगला पावणेसातऐवजी सव्वानऊ घनफूट जातात, बारांना मिळून २९ घनफूट काँक्रीट जास्त. खडी संपली म्हणून ओरड होते ती बहुतेक वेळा इथूनच. ओतण्याआधी बारापैकी तीन-चार खड्ड्यांना टेप लावा, तीन फुटांच्या मापाला फळ्या नसतील तर लावायला सांगा.

आणि कंपाउंडचे कॉलम-बीम भरून झाले, कोपिंग बाकी असलं की दोन्ही ढिगांना पुन्हा टेप लावा. चार ब्रास आले होते, त्यातले २१६ घनफूट गेले असले पाहिजेत. दोन्ही मिळून १८० च्या आसपास उरले असतील तर हिशेब जमतोय, पार्किंग, कोपिंग आणि पायवाट त्यात होतील, पुढची गाडी सांगू नका. १५० च्या आत उरले असतील तर दबर मागवण्याआधी ठेकेदारासोबत बसून खड्ड्यांची मापं आणि रिकाम्या गोण्या दोन्ही मोजा. त्या ११० फुटांच्या कामाला सगळ्या मिळून पन्नासच्या आसपास गोण्या लागायला हव्यात. खडी जास्त आणि गोण्याही जास्त निघाल्या तर फुटिंग मोठी भरली गेली. खडी जास्त गेली आणि गोण्या मात्र चाळीसच निघाल्या, तर यजमानांचा संशय बरोबर होता, फक्त चुकीच्या मालावर होता.